पडलेला तुकडा सोडा, उरलेलं काँक्रीट बघा

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात कुठे घोटाळा झाला असेल तर तुम्ही सांगालच. डोंबिवलीत १९८७ साली बांधलेली तुमची तळ अधिक चार मजल्यांची आरसीसी इमारत आहे, २४ सदनिका, लिफ्ट नाही. यंदा जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात स्लॅबचा ताटाएवढा तुकडा थेट ओट्यावर पडला आणि गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. एका इंजिनिअरनं 'दुरुस्ती होईल' असं लिहून दिलं, दुसऱ्यानं 'इमारत दुरुस्तीपलीकडे गेली' असं. कंत्राटदार म्हणतो, केमिकल मारून देतो, दहा वर्षं वर बघायला नको. सोसायटीत दोन तट पडलेत. पाच फोटो जोडून तुम्ही विचारताय की हे काँक्रीट दुरुस्त होण्यासारखं आहे का.

फोटोवरून हे सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलंच तर त्याचं ऐकू नका. फोटोत गंज दिसतो, पण गंजाच्या आत सळई किती शिल्लक आहे ते दिसत नाही. शेजारचा गुळगुळीत, रंगवलेला स्लॅब ठोकल्यावर काय आवाज देतो तेही दिसत नाही. कल्याण-डोंबिवली-ठाणे पट्ट्यात जुन्या इमारती तपासण्याचं आणि त्यांच्या दुरुस्तीची डिझाइनं करण्याचं काम मी २६ वर्षं करते आहे. नुसत्या फोटोंवरून बनवलेलं माझं मत जागेवर गेल्यावर जसंच्या तसं टिकलंय, असं क्वचितच झालंय. त्यामुळे इथे निकाल देत नाही. निकालापर्यंत मी कशी पोचते तेवढं सांगते, म्हणजे दोन्ही अहवाल हातात घेऊन तुम्हाला योग्य प्रश्न विचारता येतील.

पडलेला तुकडा आता हिशेबातून गेला. दुरुस्तीत त्याच्या आजूबाजूचं आणखी बरंच आपणच फोडून काढणार आहोत. पण नवा माल ज्याला धरून राहणार ते उरलेलं काँक्रीट आहे, आणि ताण घेणार त्या उरलेल्या सळया आहेत. म्हणून मी खड्ड्याकडे कमी बघते, खड्ड्याच्या काठाकडे जास्त. काठ खणखणीत असेल तर मोठा खड्डाही भरता येतो. काठ हातानं खरवडला की भुगा होत असेल, तर ताटाएवढी जखमसुद्धा गंभीर समजा. तुकडा मोठा म्हणून इमारत गेली, किंवा छोटा म्हणून काळजी नको, ही दोन्ही अनुमानं मी चुकलेली पाहिली आहेत.

तुकडा का पडला, हे कळल्याशिवाय पुढचं ठरत नाही. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो आणि काँक्रीटचा सामू ९ च्या आसपास किंवा त्याखाली उतरवतो, यालाच कार्बोनेशन म्हणतात. हा उतरलेला पट्टा सळईपर्यंत पोचला की संरक्षण संपलं. मग फक्त ओल मिळायचा अवकाश. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, तेवढी जागा आत नसते, म्हणून सळईखालचं काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, फुगून सुटतं. तुमच्याकडे जे पडलं ते हे कव्हर. एक फूट बाय एक फूट, पाऊण इंच जाडीचा तुकडा साडेचार किलोच्या आसपास भरतो. त्या वेळी ओट्यापाशी कुणी उभं नव्हतं, हे नशीबच म्हणायचं.

तुमच्या इमारतीच्या काळात काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक, १९७८ चा आयएस ४५६, लागू होता. त्यात आरसीसीला एम १५ दर्जाचं, म्हणजे चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट चालायचं आणि स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर पुरायचं. तेसुद्धा कागदावर. प्रत्यक्षात सळईखाली खडीचा एखादा तुकडा सरकवायचे, तो घसरला की सळई फळीवर टेकायची. मी उघडलेल्या कितीतरी स्लॅबांमध्ये कव्हर पाच-सहा मिलिमीटर निघालंय, म्हणजे गिलाव्यानंच झाकलेली सळई. वरच्या घराच्या मोरीतून किंवा संडासाच्या खोलगट स्लॅबमधून ओल येत असेल तर विचारायलाच नको. तुमच्या ओट्याच्या बरोबर वर काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. चौथ्या मजल्यावर तिथे सिंकची नळी जात असेल तर दुरुस्तीची सुरुवात त्या नळीपासून करायची.

आता तपासणी. पहिलं हत्यार हातोडी. परांचीवर चढून एकेक हात जागा ठोकत जायचं. सलग काँक्रीट टणटण बोलतं, आतून सुटलेलं बद्द. आमच्याकडचा जुना मिस्त्री छताकडे न बघता नुसत्या आवाजावर खडूनं रेघ मारत जायचा आणि फोडल्यावर ती रेघ वीतभराच्या फरकानं बरोबर निघायची. तुमच्या ज्या इंजिनिअरनं 'दुरुस्ती होईल' म्हटलं, त्यानं किती घरांत शिरून छत ठोकलं ते विचारा. २४ पैकी ६ घरं उघडी मिळाली आणि बाकी 'सदस्य उपलब्ध नव्हते', असे अहवाल भरपूर असतात. त्यांना मी अहवाल म्हणत नाही.

दुसरी तपासणी स्वस्त आहे आणि बघणाऱ्यालाही पटते. काँक्रीट ताजं फोडायचं, धूळ फुंकून काढायची आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. आतलं निरोगी काँक्रीट क्षणात कोकम सरबतासारखं गडद गुलाबी होतं, बाहेरचा बिघडलेला पट्टा होता तसाच करडा राहतो. मग पट्टी लावून मोजायचं की करडा भाग किती आत गेलाय आणि सळई किती आत आहे. समजा करडा पट्टा १२ मिलिमीटर आणि सळई २० वर, तर अजून वेळ आहे. पट्टा ३५ आणि सळई १५ वर, तर ती सळई कित्येक वर्षांपासून उघड्यावर असल्यासारखीच आहे. हा पट्टा साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकतो. पहिल्या २५ वर्षांत २० मिलिमीटर गेला असेल तर ४० पर्यंत पोचायला आणखी ७५ वर्षं लागतील. त्यामुळे जिथे कव्हर खरोखर चांगलं आहे असे कॉलम, बीम पुष्कळदा अजून निरोगी निघतात, आणि त्याच इमारतीतले स्लॅब गेलेले असतात. एकाच इमारतीबद्दल दोन इंजिनिअरांची मतं विरुद्ध येण्याचं हेही एक कारण असतं. एकानं कॉलम बघितले, दुसऱ्यानं स्वयंपाकघरं.

तिसरी गोष्ट क्षार, म्हणजे सळई गंजवणारं क्लोराइड. इथे माझं उत्तर बदलू शकतं. खाडीची वाळू न धुता वापरली असेल, किंवा बोअरच्या खाऱ्या पाण्यानं काँक्रीट कालवलं असेल, तर क्षार पहिल्या दिवसापासून सगळीकडे आहेत. ते बाहेरून आत येत नाहीत, त्यामुळे वरवरचा पट्टा काढून भागत नाही. वेगवेगळ्या खोलीवरून ड्रिलनं भुकटी काढून प्रयोगशाळेत द्यायची. आयएस ४५६ नव्या आरसीसीसाठी घनमीटरला ०.६ किलोची मर्यादा घालतं, जुन्या काँक्रीटचा आकडा मी तिच्याशी ताडून बघते.

यात एक गंमत आहे, गंमत कसली, दुखणंच. सुरुवातीच्या काळात मी एका सोसायटीत जिथे जिथे स्लॅब फुगला होता तेवढेच भाग नीट फोडून, सळया घासून, उत्तम मालानं भरून घेतले होते. चार पावसाळ्यांनी बोलावणं आलं. माझे ठिगळ जसेच्या तसे होते आणि प्रत्येकाच्या भोवती, बरोबर काठाला लागून, नव्यानं काँक्रीट फुगलं होतं. सळई म्हणजे सलग धातू. जिथे ती गंजत असते तो भाग स्वतः झिजून शेजारच्या भागाला वाचवत असतो. आपण गंजणारा भाग निरोगी केला की शेजाऱ्याचं संरक्षण जातं, तिथे क्षार असतातच, आणि गंज तिकडे सरकतो. चूक मालाची नव्हती, मिस्त्रीचीही नव्हती. क्षारांची तपासणी न करता ठिगळं लावायला सांगणाऱ्या माझी होती. आता असं काँक्रीट निघालं तर मी पूर्ण पॅनेल, म्हणजे बीमांच्या मधला स्लॅबचा अख्खा चौकोन, बदलायला सांगते किंवा ठिगळाच्या काठावर सळईला जस्ताचे ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून सळईला वाचवणारे तुकडे, बांधून घेते. आणि इमारतभर असंच निघालं तर दुरुस्तीला 'होईल' म्हणायला जीभ अडखळते.

म्हणून नुकसान किती यापेक्षा ते थांबलंय की चालू आहे, हे मी आधी विचारते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या. त्या इपॉक्सीनं भरल्या, केबल ताणून भिंत आवळली, पुढे मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार दिला, आणि धरण आजही पाणी अडवून उभं आहे. शंभर मीटरहून उंच भिंत भेगाळूनही सावरली, कारण काँक्रीट आतून कुजत नव्हतं, हादऱ्यानं तडकलं होतं. उलट नखाएवढा तडा सळईच्या रेषेत, बीमच्या खालच्या अंगाला लांबच लांब धावत असेल आणि त्यातून तांबूस पाणी ओघळलेलं असेल, तर आत काम चालू आहे. तडा जिवंत की मेलेला याची शंका असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. बीमच्या टोकाला कॉलमजवळ तिरका तडा दिसला तर मात्र काचबिच लावत बसू नका, त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.

आता सळया. हे तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. उघड्या पडलेल्या सळईचे पोपडे तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत काढायचे आणि व्हर्नियर कॅलिपरनं व्यास मोजायचा, तीन-चार ठिकाणी. ८ मिलिमीटरची सळई ६ उरली असेल तर ऐकायला दोनच मिलिमीटर गेले, पण क्षेत्रफळ ५० वरून २८ चौरस मिलिमीटरवर येतं. ताकद जवळजवळ ४४ टक्के गेली. कॉलममधली १६ ची १४ झाली तर २३ टक्के. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत घट असेल तर साफ करून, गंजरोधक लावून पुढे जाता येतं. त्यापुढे जोडसळई द्यावी लागते. आणि इथे पुन्हा उरलेल्याचाच प्रश्न येतो. जोडसळई जुन्या निरोगी सळईला तिच्या व्यासाच्या ४५-५० पट लांबीपर्यंत चिकटून जायला हवी, म्हणजे ८ मिलिमीटरला सुमारे ४०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना. तेवढी चांगली सळई आजूबाजूला सापडतच नसेल तर त्या पॅनेलमध्ये ठिगळ लावण्यात अर्थ नाही, पूर्ण पॅनेल तोडून नव्यानं ओतावं. स्लॅबचं एखादं पॅनेल असं बदलणं त्रासाचं असतं, वरच्या घराला महिनाभर दुसरीकडे राहावं लागतं, पण त्यात अशक्य काही नाही.

काँक्रीटच्या ताकदीबद्दल बोलताना तुमच्या दोन्ही अहवालांत रिबाउंड हॅमरचे, म्हणजे पृष्ठभागावर आपटून किती उसळतो ते मोजणाऱ्या हातोड्याचे तक्ते असतील. ते मी बघते पण त्यांच्यावर विसंबत नाही. या चाचणीचा अंदाज पंचवीस टक्के वरखाली असू शकतो, आणि गोम अशी की कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे जुनं, आजारी काँक्रीट तरण्याताठ्यासारखे आकडे देतं. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिवेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर बरं, तीनच्या खाली असेल तर आत पोकळी किंवा तडे असण्याचा संशय. अर्धघट विभवाच्या (हाफ-सेल), म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजण्याच्या चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के धरतात. या सगळ्या संशय घेण्याच्या चाचण्या. खात्रीसाठी कोअर, म्हणजे मशीननं कापलेला काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढायचा.

कोअरचा निकाल प्रयोगशाळेतून यायच्या आधीच कधीकधी कळतो. काही वर्षांपूर्वी एका इमारतीत तळमजल्याच्या कॉलममधून कोअर काढताना मशीनच्या नळीतून सलग दंडगोल बाहेर यायच्या ऐवजी ओली खडी आणि चिखल आला. दुसऱ्या कॉलमला तेच. तिसऱ्याला दोन तुकडे. सेक्रेटरी शेजारी उभे होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मॅडम, आता पुढे काढू नका." त्या इमारतीला मी दुरुस्तीचं डिझाइन दिलं नाही, घरं रिकामी करायला सांगितली. एरवी सलग निघालेले कोअर दाबून बघतात. आयएस ४५६ च्या हिशेबानं सरासरी ठरलेल्या दर्जाच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नाही, असं असावं. जुन्या एम १५ इमारतीत चौरस मिलिमीटरला १० ते १२ न्यूटन आलं तर मी घाबरत नाही, प्रत्यक्ष भार काढून गणित करते. सात-आठच्या घरात आलं, आणि तेही तळमजल्याच्या कॉलमांत, तर गणिताला फारशी जागा उरत नाही.

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब आणि तळमजल्याचा कॉलम यांना एकाच मापानं मोजायचं नसतं. स्लॅबचं पॅनेल गेलं तर एक खोली धोक्यात येते. तळमजल्याचा कॉलम गेला तर त्याच्या डोक्यावरची सगळी घरं. स्लॅब बदलता येतो, बीमला खालून नवं पोट देता येतं. कॉलमचं जॅकेटिंगही होतं, म्हणजे त्याच्याभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण घालता येतं, पण त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुम्ही जॅकेट घालता तेव्हा इमारतीचं सगळं वजन आधीच जुन्या कॉलमवर बसलेलं असतं. टेकू लावून ते वजन थोडं तरी उचलल्याशिवाय जॅकेट घातलं, तर ते नुसतं अंगरख्यासारखं बाहेर उभं राहतं, भार जुनाच कॉलम वाहतो. शिवाय जॅकेट पायापासून सुरू व्हायला हवं आणि स्लॅबला भोकं पाडून वरच्या मजल्यात न्यायला हवं. स्लॅबच्या तळाशी थांबवलेली जॅकेटं मी पुष्कळ पाहिली, त्यांना मी कॉलमची लिपस्टिक म्हणते. सगळ्या बाजूंनी ७५ ते १०० मिलिमीटर जाडी वाढते, त्यात कुणाचा दरवाजा अडतो, कुणाची पार्किंगची जागा जाते. आधी नकाशावर आखून बघा, वाद आधीच होऊन गेलेले बरे.

बाहेर झेपावणाऱ्या बाल्कन्या आणि छज्जे वेगळेच. त्यांच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात. खालून बघून छान वाटलेली बाल्कनी वरच्या लादीखाली सडलेली असू शकते, आणि ती पडते तेव्हा आधी खुणा दाखवत बसत नाही. तिथे वरची लादी उखडून बघितल्याशिवाय 'दुरुस्ती होईल' हे वाक्य मी लिहीत नाही. बाल्कनी बंद करून तिची खोली केली असेल, वर ग्रिलमध्ये कुंड्या असतील, तर त्याआधीच त्या उतरवून घेते. (हे सगळं साध्या आरसीसीबद्दल चाललंय. प्रीस्ट्रेस काँक्रीट, म्हणजे आत तारा ताणून बसवलेलं, असेल तर माझी भाषा बदलेल. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० चा, तो १९८६ च्या जुलैमध्ये कोसळला, आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. असल्या बांधकामात बाहेरून फार थोडं कळतं.)

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर काठ खणखणीत, गंज कार्बोनेशनचा, ओल बंद करता येण्यासारखी, जोडायला निरोगी सळई आणि तळमजल्याचे कॉलम धड, असं निघालं तर स्लॅबं कितीही भयंकर दिसोत, मी दुरुस्ती करा म्हणेन. क्षार सगळीकडे, किंवा कॉलमचं काँक्रीटच कच्चं, तर स्लॅबं कितीही चांगली दिसोत, पैसे त्यात घालू नका म्हणेन. मधल्या इमारती सगळ्यात जास्त असतात आणि तिथे खर्च बोलतो.

खर्चाबद्दल माझा ढोबळ आडाखा असा की दुरुस्तीचा खरा आकडा नव्या बांधकामाच्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपास जायला लागला की सोसायटीनं थांबून विचार करावा, कारण दुरुस्तीनंतरही नळ, वायरिंग, पाया आणि न उघडलेले भाग जुनेच राहतात. पण 'खरा आकडा' म्हणजे काय? कंत्राटदाराचं पहिलं कोटेशन नव्हे. प्लास्टर उतरवल्यावर खराब भाग अंदाजापेक्षा दीडपट, दुप्पट निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून मी सगळ्यात वाईट दिसणारं एक आणि बऱ्यापैकी दिसणारं एक अशी दोन पॅनेलं आणि तळमजल्याचे दोन-तीन कॉलम आधी पूर्ण उघडून बघायला लावते. त्याला पंधरा दिवस आणि थोडे पैसे लागतात. पण सर्वसाधारण सभेत त्या उघड्या सळया सगळ्यांनी डोळ्यांनी बघितल्या की निम्मं भांडण मिटतं.

आणि भांडण का होतं ते तुम्हीही ओळखून असाल. पुनर्विकासात जास्त चौरस फूट मिळणार असतील तर इमारत लवकर 'दुरुस्तीपलीकडे' जाते, आणि भाडेकरू काढायचे नसतील तर ती फार काळ 'ठणठणीत' राहते. तुमच्या दुसऱ्या इंजिनिअरनं खोटं लिहिलं असं मी अजिबात म्हणत नाही, त्याला कदाचित कॉलममध्ये असं काही दिसलं असेल जे पहिल्यानं पाहिलंच नाही. पुनर्विकास हा सभासदांचा निर्णय आहे, इमारत चांगली असतानाही तो घेता येतो. फक्त त्यासाठी काँक्रीटच्या माथी खोटा आजार मारू नका. दोन्ही अहवालांत विचारा की कोअर किती काढले आणि कुठून, कार्बोनेशनची खोली सळईच्या खोलीशी ताडली का, क्षार तपासले का, सळयांचे व्यास मोजले का, किती घरं आतून पाहिली. ज्यात हे नाही ते मत आहे, तपासणी नाही. मुंबईत दोन अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निवाडा करते. तुमच्याकडे महापालिकेला पत्र देऊन मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेकडून तिसरी तपासणी मागता येईल.

कायद्याचं थोडक्यात. तुमची इमारत ३० वर्षांवरची आहे, त्यामुळे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्थैर्य प्रमाणपत्राची जबाबदारी तुमच्यावर आहेच. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे या वयात दर ३ वर्षांनी ऑडिट हवं. अहवालात सी-१ लिहिलं असेल तर रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे राहून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. 'दुरुस्तीपलीकडे' असं मोघम लिहिणाऱ्या इंजिनिअरला यातला एक वर्ग सहीनिशी लिहायला सांगा. पुष्कळदा तिथेच भाषा मवाळ होते. न झाली, सी-१ आलाच, तर मात्र हुज्जत घालत घरात बसू नका.

कंत्राटदाराच्या 'केमिकल'बद्दल. पॉलिमर मॉर्टर, म्हणजे चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा माल, चांगली वस्तू आहे, पण ती सळईखालून थापली तर फुकट जाते. गंजलेल्या सळईच्या मागून काँक्रीट इतकं काढायचं की तिच्याभोवती बोट फिरलं पाहिजे, मगच तिची मागची बाजू साफ होते. मी साइटवर गेले की परांचीवर चढून बोट घालून बघते. बोट अडलं की काम थांबवते. पुढची बाजू चकचकीत करून, मागचा गंज तसाच ठेवून वर महागडा माल थापलेला असतो आणि तीन वर्षांनी तो माल सळईसकट लोंबतो. खोली फार असेल तर थापायच्या मालाऐवजी साचा बांधून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं पातळ काँक्रीट, ओतावं. आणि गच्चीवर गळती थांबवायला जुन्या कोब्यावर नवा कोबा घालू देऊ नका. ब्रिकबॅट कोब्याच्या, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्याच्या, १०० मिलिमीटर थराचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातं. तुमच्या गच्चीवर असे किती थर आहेत ते एका कोपऱ्यात फोडून मोजा. एका इमारतीत मला तीन सापडले होते, सगळ्यात खालच्यात १९९० च्या आसपासची चिनीमातीची लादी शाबूत.

दुरुस्ती ठरली तरी पावसाळ्यात स्लॅब फोडायला घेऊ नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा. तोवर तपासण्या आणि सभा उरकतील. पण त्या स्वयंपाकघरासाठी थांबायचं नाही. सुटलेलं काँक्रीट आजच, कुणी खाली नसताना, हातोडीनं पाडून घ्या. शक्य असेल तर ते कुटुंब काही दिवस ओटा सोडून दुसऱ्या खोलीत गॅस लावेल असं बघा. टेकू लावायचे तर एकटा बांबू नको, खाली-वर फळी घालून लोखंडी टेकू लावा, आणि फक्त तिसऱ्या मजल्यावर लावून सोडू नका. तो भार दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर येतो, आणि तोही त्याच वयाचा, त्याच वाळूचा आहे. बरोबर त्याच्याखाली दुसऱ्या, पहिल्या आणि तळमजल्यावरही टेकू हवेत, थेट जमिनीपर्यंत. तळमजल्याच्या त्या जागी जे राहतात त्यांना आजच जाऊन समजावा, कारण आपल्या दिवाणखान्यात टेकू उभा करून घ्यायला सहसा तेच सगळ्यात शेवटी तयार होतात.